दोन हजारांची न्याहारी

हिशेबी : मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात रविवारी सकाळी बुफेला बसायचं तर माणशी दोन हजारांच्या आसपास मोजावे लागतात. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या खाण्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे दोन हजारांचे झाले 2,360. चौघांचं कुटुंब गेलं की साडेनऊ हजारांना फक्त साठ रुपये कमी. आणि ताटात येतं काय? इडली, पोहे, ऑम्लेट, कापलेली फळं, पाव, लोणी, चहा. यातलं बहुतेक सगळं माटुंग्याला नाहीतर दादरला दीडशे-दोनशे रुपयांत याहून चांगलं मिळतं. पोह्यांचंच बघा. पोहे निथळून मोकळे करायचे, फोडणीत कांदा मऊ झाला की परतायचे, झाकण ठेवून एक सणसणीत वाफ आणायची आणि तडक बशीत घ्यायचे. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. त्यांची सगळी गंमत त्या पहिल्या पाच-सात मिनिटांत असते. बुफेत हेच पोहे झाकणाच्या मोठ्या भांड्यात, खाली गरम पाणी ठेवून, तास-तासभर पडून राहतात. वरचे कोरडे होऊन घशाला टोचतात, तळचे वाफेनं गिच्च होतात, शेंगदाणे मऊ पडतात. दहापट पैसे देऊन माणूस तोच पदार्थ बिघडलेल्या अवस्थेत खातो आणि वर 'काय सुंदर व्यवस्था होती' म्हणत घरी येतो. हे मला पटत नाही.

हौशी : पोह्यांबद्दल तुमचं सोळा आणे खरं. बुफेत पोहे घेऊच नयेत, आणि इडलीसाठीही मी तिथं जाणार नाही. पण ते स्वयंपाकघर ज्या गोष्टीत तरबेज आहे, ती खाऊन मग ठरवा ना. क्रोसाँ घ्या. मैद्याचं पीठ मळून गार करायचं, त्यात लोण्याची चौकोनी वडी थापून गुंडाळायची, लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, पुन्हा गार करायचं. असं तीन वेळा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. तळहाताएवढ्या पावात लोण्याचे सत्तावीस थर. लोणी फार गार असलं तर लाटताना त्याचे तुकडे पडतात आणि पीठ फाटतं. जरा मऊ झालं की ते पिठात मुरतं, थर नाहीसे होतात आणि हाती लागतो तेलकट बन. मुंबईच्या मे महिन्यात हे काम थंड ठेवलेल्या खोलीशिवाय होत नाही. आदल्या दिवशी सुरू केलेलं पीठ दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीत जातं, तेव्हा कुठे सकाळी सातला ते तुमच्यापुढे येतं. बोटानं दाबलं की वरचा पापुद्रा कुरकुरतो, मोडलं की आत लांबलांब जाळी दिसते. हे घरी होत नाही, आणि ज्या कारागिराला हे साधलंय त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. ऑम्लेटचंही तसंच. तुमच्यासमोर उभा असलेला माणूस तुम्हाला हवं तेवढं मऊ, हवी ती मिरची घालून, एका वेळी एकच करतो.

हिशेबी : मग चांगल्या बेकरीतून एक क्रोसाँ आणा. दोनेकशे रुपयांत काम होईल. त्यासाठी दोन हजार का? तुम्ही कारागिराचं नाव घेता, पण बुफेचा भाव क्रोसाँवर ठरत नाही. माणूस सकाळी जास्तीत जास्त किती खाणार, हे हॉटेलला पक्कं ठाऊक असतं. हॉटेलधंद्यातली माणसंच सांगतात, की बिलातला साधारण तिसरा हिस्सा कच्च्या मालाचा. बुफेत तो हिशेब वेगळ्या तऱ्हेनं जुळवला जातो, कारण टेबलावर भरगच्च मांडलेल्यातलं पुष्कळसं पोटात जातच नाही. आणि गिऱ्हाईकाच्या मनाचं काय होतं तेही पाहा. दोन हजार दिले म्हटल्यावर ते वसूल करायला हवेत. एरवी दोन इडल्यांत तृप्त होणारा माणूस तिथं सहा बशा भरतो, चार अर्ध्या टाकतो आणि दुपारी पोट धरून झोपतो. ज्या खाण्यात भूक किती आहे यापेक्षा पैसे किती दिले याकडे लक्ष असतं, ते खाणं मला सुखाचं वाटत नाही.

हौशी : पैसे वसूल करायची ती घाई मलाही आवडत नाही, आणि मी ती करत नाही. मी तिथं जातो ते बसायला. दोन तास कुणी उठवत नाही, कुणी टेबलाशी उभं राहून तुमची कॉफी कधी संपते ते बघत नाही, शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर आदळत नाही. ताजमहाल हॉटेलच्या सी लाउंजमध्ये खिडकीशी बसलं की समोर गेटवे आणि बंदरातल्या होड्या दिसतात. मुंबईतल्या कितीतरी घरांनी मुलामुलीची पहिली भेट मुद्दाम त्या खोलीत ठरवली, कारण दोन अनोळखी कुटुंबांना संकोच न वाटता बोलता येईल अशी जागा या शहरात सहजी मिळत नाही. माटुंग्याच्या कॅफे मद्रासचा डोसा उत्तमच. पण तिथं रविवारी फुटपाथवर नाव लिहून उभं राहावं लागतं, आत गेल्यावर अनोळखी माणसांच्या टेबलाला टेबल लावून बसावं लागतं, आणि बाहेर ताटकळलेल्या म्हाताऱ्या आजोबांकडे पाहत घास गिळावा लागतो. ज्याच्या वडिलांचे गुडघे दुखतात, ज्याच्या आईला ऐकू कमी येतं, त्यानं त्यांना कुठे न्यावं? ऐसपैस खुर्ची आणि शांतता यांचेही पैसे पडतात. ताटातल्या मालाशी तुलना केली की ते डोळ्यांत येतात, एवढंच.

हिशेबी : याच शहरात ऐसपैस खुर्ची आणि शांतता चहाच्या किमतीत मिळत होती, हे विसरू नका. इराण्याच्या हॉटेलात बेंटवुडच्या खुर्चीत, संगमरवरी टेबलाशी, एक ब्रून मस्का आणि पानी कम चाय घेऊन माणूस अख्खी सकाळ वर्तमानपत्र वाचत बसायचा. टॅक्सीवाला, गिरणीतून रात्रपाळी करून आलेला कामगार, वकिलाचा कारकून, कवी, सगळे तिथंच. कयानी 1904 पासूनचं, ब्रिटानिया 1923 पासूनचं. निवांतपणा श्रीमंतांपुरता नव्हता. आज तुम्ही जो दोन हजारांना विकत घेता, तो या शहरानं एकेकाळी सगळ्यांना दिलेला होता. माझा राग आहे तो यासाठी.

हौशी : दिला होता, पण शहरानं नव्हे. त्याचे पैसे घरमालकानं भरले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी जागच्या जागी गोठली. कोपऱ्यावरच्या मोक्याच्या, दोन रस्त्यांवर दारं उघडणाऱ्या जागेचं भाडं वर्षानुवर्षं जवळपास तेच राहिलं. म्हणूनच एका चहावर तीन तास बसलेला माणूस इराण्याला परवडत होता. मला घरमालकांचा कळवळा आलाय असं समजू नका. त्या गोठलेल्या भाड्यापायी किती चाळींची डागडुजी झाली नाही आणि त्या पावसाळ्यात कशा कोसळल्या, तेही आपण पाहिलंय. माझा मुद्दा एवढाच, की चहाची किंमत आणि चहा घेत बसण्याची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी किंमत इराण्याच्या बिलात लिहिलेली नव्हती. ती कुणीतरी दुसरा भरत होता.

हिशेबी : हे मान्य करायला मला जड जातंय, पण मान्य. फक्त हे इराण्यापुरतं खरं असेल. उडप्याकडे तर माणूस दहा मिनिटांत उठतो, टेबल दिवसात कितीतरी वेळा फिरतं. तिथली स्वस्ताई कष्टातून आणि चोख व्यवस्थेतून आलेली आहे.

हौशी : कुणाच्या कष्टातून? दक्षिण कानड्यातून आलेली दहा-बारा वर्षांची पोरं मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत टेबलं पुसत होती. दिवसभर काम, संध्याकाळी जमलं तर रात्रशाळा, आणि हॉटेल बंद झालं की टेबलं जोडून त्यांच्यावरच झोप. पगारात जेवण आणि झोपायची जागा धरलेली. त्यातले काही पुढे मालक झाले, त्यांच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. जे झाले नाहीत, त्यांच्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत, ढाब्यांवर आणि घरकामाला ठेवायची बंदी आली कधी, तर 10 ऑक्टोबर 2006 ला. स्वातंत्र्यानंतर एकोणसाठ वर्षं आपण ज्याला 'बारक्या' म्हणून हाक मारत होतो, त्याच्या हातून आपली न्याहारी स्वस्त राहिली. तेव्हा दीडशे रुपयांत याहून चांगलं मिळतं, हे बोलताना जरा थांबावं असं मला वाटतं. चांगलं मिळतं, यात वाद नाही. दीडशेत का मिळतं, ते विचारायचं राहून जातं. भाव नुसता वरून दाबला तर काय होतं, त्याचा दाखला बंगळुरूचा आहे. आणीबाणीत खाद्यपदार्थांचे भाव सरकारनं इतके उतरवले, की मावळ्ळी टिफिन रूमला त्या भावात आपला दर्जा सांभाळणं अशक्य झालं, आणि ते लोक तयार पिठांच्या धंद्याकडे वळले.

हिशेबी : थांबा. तुम्ही बोट ठेवलंत ते बरोबर जागी, पण त्यातून महाग हॉटेलाची बाजू आपोआप भक्कम होत नाही. मग मी घराकडे वळते. घरी कुणाचं भाडं बुडत नाही, कुणी बारक्या नाही. तीस रुपयांत चौघांचे पोहे होतात, गरम, माझ्या हातचे.

हौशी : तुमच्याच हातचे ना? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. जे घरकाम करतात त्यांच्यातही, बायकांचा रोजचा वेळ 299 मिनिटं निघाला आणि पुरुषांचा 97. पाच तासांना एक मिनिट कमी, विनापगारी. घरच्या न्याहारीचे तीस रुपये म्हणजे पोहे, कांदा, तेल आणि गॅस. कांदा चिरणारे हात त्यात धरलेले नाहीत. सगळ्यांना बशा देऊन झाल्यावर जी उभ्याउभ्या, कढईत उरलेलं खाते, तिची ती सकाळ या हिशेबात कुठेच येत नाही. मी माझ्या घरच्यांना हॉटेलात नेतो, त्याचं अर्धं कारण हे आहे. त्या सकाळी ती बसते. तिला कुणीतरी वाढतं. 'तुला काय हवंय?' असं तिला विचारलं जातं. हे पाहिलं की मला पैसे जास्त गेले असं वाटत नाही.

हिशेबी : हा तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, म्हणून मी तो सहजासहजी सोडणार नाही. वर्षातून एका रविवारी बाईला चकचकीत हॉटेलात न्यायचं, आणि उरलेल्या रविवारी ओट्याशी उभं करायचं, याला सुटी म्हणत नाहीत. त्यानं कामाची वाटणी तसूभर बदलत नाही. उलट बदलायची गरजच उरत नाही, कारण 'तुला ताजमध्ये नेलं होतं की' हे वाक्य वर्षभर पुरतं. तुम्ही 299 आणि 97 हे आकडे सांगितलेत. त्यांच्यातली दरी भरायला दोन हजार रुपये लागत नाहीत. घरच्या पुरुषानं पोहे करायला शिकावं लागतं. आणि नुसते पोहे नव्हेत. डबा काढणं, कांदे संपलेत हे लक्षात ठेवणं, कढई घासणं, ओटा पुसणं. बाईला बसलेलं पाहायचंय ना? मग बायको बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचतेय आणि तुम्ही आत मोहरी तडतडायची वाट पाहताय, असं दर रविवारी होऊ द्या. पैसे देऊन हा प्रश्न सुटतो असं मानणं मला धोक्याचं वाटतं, कारण पैसे असणाऱ्यांना मग तो प्रश्न दिसतच नाही.

हौशी : ते करायलाच हवं, मीही म्हणतो. पण एक बारीक फरक आहे. मी केलेले पोहे खाताना तिचं अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे असतं. मीठ कुठे ठेवलंय, दूध उतू तर जात नाही ना. घरात असेपर्यंत घर तिच्या अंगावर असतं. घराबाहेर पडल्याशिवाय ते उतरत नाही. हे चूक असेल, बदलायला हवं असेल, पण आज तसं आहे. आजच्या त्या बाईला मी 'समाज बदलेपर्यंत थांब' असं सांगू शकत नाही.

हिशेबी : बरं, ती उठून गेली आणि बसली. आता तिला वाढणाऱ्याकडे या. तुमचा मघाचा नियम त्यालाही लावू. न्याहारी स्वस्त असली तर उरलेली किंमत दुसरा कुणी भरतो, हे तुम्ही दाखवलंत. मग महाग न्याहारीत ती किंमत ज्याची त्याला पोहोचते, हे कशावरून? बिलात सेवाशुल्क आपसूक लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये मनाई केली. हॉटेलवाले न्यायालयात गेले. त्यांचं एक म्हणणं असं, की हे पैसे कामगारांत वाटले जातात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं मार्च 2025 मध्ये मनाई योग्य ठरवली. निकाल ग्राहकाच्या बाजूनं लागला, आणि ग्राहक म्हणून मला तो पटतो. पण त्या सगळ्या भांडणात मला एक गोष्ट खटकली. दोन हजारांच्या थाळीवर वाढणाऱ्याच्या पदरात काही पडावं म्हणून वेगळी ओळ का लागावी? मूळ दोन हजारांत तो नव्हता का? पहाटे क्रोसाँ भाजणारा, रात्री अडीचला कंपनीच्या बसमधून विरारहून येणारा, मागच्या मोरीत वाफेत उभं राहून बशा धुणारा, यांना त्या दोन हजारांतले किती मिळतात, हे गिऱ्हाईकाला बिल पाहून कळत नाही. तुमच्या टेबलावर शांतता आहे म्हणून मागच्या बाजूला न्याय आहे, असं धरून चालता येणार नाही.

हौशी : धरून चालत नाही. पण मोठ्या हॉटेलात निदान कामाचे तास, भविष्यनिर्वाह निधी, कामगार संघटना या गोष्टींना थारा असतो. रस्त्याकडेच्या टपरीवर यांचं नावही नाही.

हिशेबी : कायम नोकरीत असलेल्यांना थारा असतो. कंत्राटदारामार्फत आलेल्याला विचारा. आणि हे बघा, मी टपरीची बाजू घेत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय, की महाग आणि स्वस्त या दोन्हींत पैसे कुठे झिरपतात ते आपल्याला दिसत नाही. तुमच्याकडे ते मालकाच्या, जागेच्या, झुंबराच्या वाट्याला जात असतील. माझ्याकडे मुळात गिऱ्हाईकाच्या खिशातून निघतच नाहीत.

हौशी : मग निघू द्या. मिसळ दहा रुपयांनी वाढली की आपल्याकडे केवढी चर्चा होते. तीच माणसं विमानतळावर तीनशेची कॉफी मुकाट्यानं पितात. उडप्यानं उद्या डोशाची किंमत तीनशे केली आणि प्रत्येक पोराला नीट पगार, आठवड्याची सुटी, झोपायला खोली दिली, तर तुम्ही द्याल?

हिशेबी : मी देईन. पण माझ्या शेजारच्या टेबलावर जो माणूस बसतो, मार्केटमधला हमाल, सिक्युरिटीवाला, कॉलेजचा मुलगा, तो नाही देऊ शकणार. तो उठून जाईल. मग डोशाचं हॉटेलही तुमच्या हॉटेलासारखंच होईल, फक्त समुद्र दिसणार नाही. माझी अडचण तिथं आहे. वाढणाऱ्याला पुरेल एवढी किंमत लावली, की खाणारा बाहेर पडतो. खाणाऱ्याला झेपेल एवढी लावली, की वाढणाऱ्याच्या ताटातलं कमी होतं.

हौशी : तिथं सरकारनं भर घालावी. घातलीही आहे. 1995 साली रुपयाची झुणका-भाकर आली. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. या थाळीचा खरा खर्च सरकारनं शहरात पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरला, आणि वरचे पैसे केंद्रचालकाला द्यायचं कबूल केलं. तिथं निदान लपवाछपवी नाही. कोण किती भरतं ते कागदावर आहे.

हिशेबी : कागदावर आहे. केंद्रचालकांची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. त्यातली किती केंद्रं बचतगटातल्या बायका चालवतात. सरकारचे पैसे येईपर्यंत वाण्याची उधारी त्यांच्याच डोक्यावर. आणि शहरात पन्नास रुपये म्हणजे तरी काय? त्यात पोळ्या लाटणारीची मजुरी किती धरली असेल?

हौशी : तेव्हा दोन हजार वाजवी की गैरवाजवी, हे ताटाकडे पाहून ठरत नाही, एवढं तरी तुम्ही मान्य कराल.

हिशेबी : करते. आणि दीडशे वाजवी की गैरवाजवी, हेही तसंच ठरत नाही, हे मी तुमच्याकडून घेते. येत्या रविवारी तुम्ही घरच्यांना घेऊन जरूर जा. पण टेबल आवरणाऱ्या मुलाला एकदा विचारा, त्याला हॉटेलनं ठेवलंय की कंत्राटदारानं.

हौशी : आणि तुम्ही माटुंग्याला विचाराल? सांबारची बादली घेऊन फिरणारा पोरगा रात्री कुठे झोपतो म्हणून?

हिशेबी : विचारीन. त्याचं उत्तर वाईट निघालं, तर पुढच्या रविवारी तिथं जायचं की नाही, ते मला आज सांगता येत नाही. मी गेले नाही म्हणून त्याचा पगार वाढणार नाही, आणि गेले तर वाढवायला कुणाला कारण उरणार नाही.